हॉलंडातले आमचे बिऱ्हाड

बदलीच्या गावी नवीन शिक्षक एस.टी.तून उतरतो, हातातली बॅग पाराजवळ ठेवतो आणि चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न विचारतो, "इथं कुठं खोली मिळेल का हो?" हा प्रश्न मी माझ्या नोकरीत तीन गावांत विचारला आहे, आणि आपल्यातल्या पुष्कळ गुरुजींनी तो माझ्याहून अधिक वेळा विचारला असेल. चौथ्या खेपेला मात्र तो मला परदेशात विचारावा लागला. त्या खेपेला जे बिऱ्हाड मिळाले आणि ज्या आळीत मिळाले, त्याविषयी आज आपल्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. शेतमालाच्या सहकारी विक्रीचा अभ्यास करण्यासाठी २०२२ च्या ऑगस्टपासून दहा महिने मी आणि माझी पत्नी हॉलंडमध्ये होतो. त्या देशाचे खरे नाव नेदरलँड्स. हॉलंड हा त्याचा पश्चिमेकडचा भाग, आणि आम्ही राहिलो पूर्वेच्या बाजूला, गेल्डरलँड प्रांतात. पण आपल्याकडे जुन्या सवयीने साऱ्या देशाला हॉलंड म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणतो. देश लहान, आपल्या महाराष्ट्राचा सातवा हिस्सा भरेल एवढा. माणसे मात्र सुमारे १ कोटी ८० लाख. जमीन थोडी आणि माणसे दाट, त्यामुळे घराचा प्रश्न तेथे आपल्या पुण्या-मुंबईसारखाच बिकट.

माझे काम वाखेनिंगेन या गावी होते. तेथे शेतकीचे मोठे विद्यापीठ आहे. गाव विद्यार्थ्यांनी गजबजलेले, आणि खोली म्हणाल तर औषधाला मिळेना. अशा वेळी एका गृहस्थांनी आम्हाला एक टुमदार जागा दाखवली. भाडेही बेताचे. अट एकच : या पत्त्यावर नाव नोंदवायचे नाही.

अट ऐकायला किरकोळ वाटते. मीही जवळजवळ "हो" म्हणणार होतो. पण आमच्या आधी तेथे शिकायला गेलेल्या सोलापूरकडच्या एका मुलाने वेळेवर सावध केले. त्या देशात चार महिन्यांहून अधिक राहायला आलेल्या माणसाने पाच दिवसांच्या आत नगरपालिकेत जाऊन आपला पत्ता नोंदवायचा असतो. नोंद झाली की नऊ आकडी क्रमांक मिळतो. बँकेतले खाते, पगार, विमा, डॉक्टर, सारे त्या क्रमांकावर चालते. पत्ता नाही तर नोंद नाही, आणि नोंद नाही तर तुम्ही त्या देशात असून नसल्यासारखे. जो मालक "नाव नोंदवू नका" म्हणतो, त्याला बहुधा काहीतरी लपवायचे असते. आपल्यापैकी कोणाचा मुलगा किंवा मुलगी तिकडे शिकायला वा नोकरीला जाणार असेल, तर ही एवढी गोष्ट त्यांच्या कानांवर घाला. आज आइंडहोवन, ॲम्स्टेलवेन या भागांत आपली मराठी मुले कामाला आहेत, आणि स्वस्त जागेचा मोह कोणालाही पडतो.

अखेर वाखेनिंगेनपासून बसने अर्ध्या तासाच्या अंतरावर, ओस्टरबेक नावाच्या गावात आम्हाला घर मिळाले. मालकीणबाई शिक्षिका होत्या. त्यांचे आईवडील शुश्रूषागृहात राहायला गेले होते. घर विकावे की ठेवावे हे ठरेपर्यंत त्या ते भाड्याने देणार होत्या. महिना अकराशे युरो भाडे आणि दोन महिन्यांची अनामत. माझ्या विद्यावेतनाचा निम्मा भाग तेथेच संपला.

हॉलंडमध्ये भाड्याच्या घरांचे तीन प्रकार असतात. एक सामानासह घर. दुसरे पडदे आणि जमिनीवरचे आच्छादन असलेले घर. तिसऱ्याला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे, तो आपल्या कानाला 'काल' असा ऐकू येतो. त्याचा अर्थ बोडके, टक्कल पडलेले. अशा घरात दिवे नाहीत, पडदे नाहीत, आणि तुम्हाला खरे वाटणार नाही, पण जमीनही नाही! म्हणजे खाली नुसता सिमेंटचा थर. आधीचा भाडेकरू आपण घातलेल्या लाकडी फळ्या किंवा गालिचा उचलून घेऊन जातो, नाहीतर किंमत ठरवून नव्या भाडेकरूला देतो. आमचे घर मधल्या प्रकारचे होते. जमीन होती, पडदे होते. कपाटे आणि खुर्च्या आम्ही जुन्या सामानाच्या दुकानातून आणल्या. तेथे ही दुकाने जागोजाग असतात, आणि त्यांत खरेदी करायला कोणी लाजत नाही.

घर एका रांगेत बांधलेल्या आठांपैकी एक. भिंतीला भिंत लागलेली, पुढे चार पावलांची बाग, मागे थोडी मोठी. खाली एक लांबट बैठकीची खोली, तिला पुढे मोठी काच आणि मागेही मोठी काच. सकाळचे ऊन एका बाजूने येते आणि संध्याकाळचे दुसऱ्या बाजूने. अशा घराला ते 'आरपार उन्हाचे घर' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशात अशी घरे लाखांनी बांधली गेली. वरच्या मजल्यावर तीन झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर. वर जाणारा जिना मात्र आपल्या जुन्या वाड्यातल्या माडीच्या जिन्यासारखा उभा. हा जिना ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता आळीविषयी. पहिल्या आठवड्यात माझी पत्नी म्हणाली, "इथं माणसं राहतात ना?" एवढी शांतता. सकाळी दहाला एखादी आजीबाई चाकांच्या आधारगाडीला धरून दुकानाकडे निघालेली. चार वाजता एखादे आजोबा कुत्र्याला फिरवताना. शाळेची मुले सायकलींवरून भुर्रकन जाणार, तीही दुसऱ्या आळीची. आमच्या आठ घरांपैकी पाच घरांत सत्तरीच्या पुढची माणसे, आणि त्यांतल्या तीन घरांत एकेकटी. हे आमच्याच आळीचे वैशिष्ट्य होते असे नाही. त्या देशात आज पाच माणसांत एक पासष्टीच्या पुढचे आहे.

पण एक चमत्कारिक गोष्ट होती. एवढी एकटी, अबोल माणसे, पण पुढच्या खिडकीचे पडदे दिवसभर सताड उघडे! रस्त्याने जाणाऱ्याला थेट आतली बैठक दिसावी. खिडकीत दोन कुंड्या, मागे खुर्ची, खुर्चीत वाचत बसलेले माणूस. आपण पाहिले तर ते हात हलवणार, आणि पुन्हा वाचू लागणार. न बोलावता मात्र कोणी कोणाच्या घरात पाऊल टाकणार नाही. कॉफीला यायचे तर आधी दिवस आणि वेळ ठरवायची. कॉफीबरोबर एक बिस्किट मिळते. दुसरे बिस्किट मिळाले तर ओळख बरीच वाढली असे समजावे.

आमच्या डाव्या हाताला एक आजी राहत होत्या. वय ८५. त्या देशात शेजाऱ्याला नावाने हाक न मारता पुष्कळदा 'शेजारी' आणि 'शेजारीणबाई' अशीच हाक मारतात. त्यांच्या भाषेत 'ब्यूरमान' आणि 'ब्यूरफ्राऊ'. मला ते आवडले. आपण नाही का वहिनी, काकू म्हणतो, तसेच काहीसे. तर या ब्यूरफ्राऊ दुसऱ्या आठवड्यात स्वतःहून दारात आल्या. हातात एक किल्ली. म्हणाल्या, "ब्यूरमान, मी रोज सकाळी आठला पडदा उघडते. नऊपर्यंत उघडला नाही, तर ही किल्ली घ्या आणि आत या. तुमच्या आधी जे राहत होते त्यांच्याकडेही हीच किल्ली होती."

मी घरमालकिणीशी केलेला करार अकरा पानांचा होता. भिंतीला खिळा कोठे मारायचा, बागेतले गवत कोणी कापायचे, सारे त्यात लिहिलेले. ब्यूरफ्राऊंशी झालेला हा दुसरा करार एका वाक्याचा. त्यावर सही नाही की शिक्का नाही.

श्रोतेहो, या आजींचा त्या घराशी संबंध काय, हे समजून घेण्यासारखे आहे. त्याही भाडेकरूच. साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या घरात आल्या, आणि अजून भाड्यानेच राहत होत्या. आपल्याकडे आयुष्यभर भाड्याने राहिलेल्या माणसाविषयी थोडे कीव केल्यासारखे बोलतात. तेथे तसे नाही. हॉलंडमध्ये १९०१ साली घरबांधणीचा एक कायदा झाला. कारखान्यांच्या गावांत मजुरांची कुटुंबे तळघरांतून आणि एकेका कोंदट खोलीतून राहत होती. त्या कायद्याने नगरपालिकांना बांधकामाचे नियम करायला लावले, आणि नफा न कमावता घरे बांधणाऱ्या संस्थांना सरकारी कर्जाची वाट मोकळी केली. या संस्थांना तेथे गृहनिगम म्हणावे अशा अर्थाचे नाव आहे. आपण दूधसंघ आणि साखर कारखाने ओळखतो. या संस्था भाड्याच्या घरांसाठी. आज त्या देशातल्या दहा घरांपैकी जवळजवळ तीन घरे अशा संस्थांची आहेत. भाडे दरवर्षी किती वाढवायचे याची मर्यादा सरकार ठरवते. भाडेकरू भाडे देत राहिला आणि नीट वागला, तर त्याला सहजासहजी कोणी उठवू शकत नाही.

ओस्टरबेकला या घरांचे मोल अधिक वाटावे असाच त्या गावाचा इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४४ या दिवशी दोस्तांचे हवाई सैनिक त्या भागात उतरले. आर्नेम येथील ऱ्हाईन नदीवरचा पूल जिंकायचा होता. तो हाती राहिला नाही. नऊ दिवस लढाई चालली, आणि ती ओस्टरबेकच्या घराघरांतून झाली. त्यानंतर जर्मनांनी लोकांना घरे सोडून जायला लावले. १९४५ साली लोक परत आले, तेव्हा कित्येकांच्या घरांच्या नुसत्या भिंती उभ्या होत्या. आमच्या ब्यूरफ्राऊ तेव्हा सात वर्षांच्या. आईचा हात धरून, हातगाडीमागून चालत गेलेली ती वाट त्यांना लख्ख आठवत होती. "नाताळात आम्ही एका शेतकऱ्याच्या गोठ्यात होतो," त्या म्हणाल्या, "गाई होत्या म्हणून ऊब होती." गावात त्या सैनिकांचे स्मशान आहे, सतराशेहून अधिक थडगी. दर सप्टेंबरात शाळेतली मुले एकेका थडग्यापुढे उभी राहतात आणि एकदम सगळी खाली वाकून फुले ठेवतात. आम्ही पोहोचलो त्याच्या पुढच्याच महिन्यात मी हे पाहिले. शिक्षकांनी कोणतीही सूचना ओरडून दिली नाही. माझ्यासारख्या मास्तराला त्याचेच अधिक आश्चर्य वाटले.

हिवाळा आला. युक्रेनच्या युद्धामुळे त्या वर्षी गॅसचे दर कडाडले होते. लोक घरात दोन दोन स्वेटर घालून बसत. आजीही खाली बैठकीच्या खोलीतच तेवढी ऊब ठेवत आणि वरचा मजला थंड.

जानेवारीतली एक सकाळ. बाहेर अजून पुरते उजाडले नव्हते. तेथे त्या दिवसांत साडेआठशिवाय सूर्य दिसत नाही. पत्नी चहा करता करता म्हणाली, "आजींचा पडदा उघडला नाही." मी घड्याळ पाहिले. नऊ वाजून दहा मिनिटे. आता किल्ली हातात असून माझे पाय अडले. न बोलावता कोणाच्या घरात शिरायचे नाही, हे आम्ही पाच महिन्यांत शिकलो होतो. कदाचित झोपल्या असतील. कदाचित मुलीकडे गेल्या असतील. मी घंटी वाजवली. दोनदा वाजवली. पत्नी म्हणाली, "आपल्या गावी असतो तर एव्हाना तुम्ही आत असता." मी किल्ली फिरवली.

आजी वर न्हाणीघरात जमिनीवर पडल्या होत्या. पहाटे केव्हातरी पाय घसरला होता. अंगावर टॉवेल ओढून घेतलेला, ओठ निळसर. गळ्यात घालायचे धोक्याच्या घंटेचे बटण त्यांना मिळालेले होते. ते दाब म्हटले की मदत येते. पण अंघोळीपूर्वी त्यांनी ते काढून खुंटीला लावले होते, आणि खुंटी हातभर उंच राहिली होती. मला पाहून त्या पहिले वाक्य काय बोलल्या असतील? म्हणाल्या, "ब्यूरमान, दहा मिनिटं उशीर केलात."

आम्ही ११२ या क्रमांकावर फोन केला. रुग्णवाहिका आली. त्या उभ्या जिन्यावरून एका माणसाला खाली आणणे किती कठीण असते, ते मी त्या दिवशी पाहिले. खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, काही आठवडे व्यायामाच्या केंद्रात राहावे लागले, आणि मार्चमध्ये आजी घरी आल्या. नगरपालिकेने जिन्याला बसून वर जाण्याची खुर्ची लावून दिली. सकाळी एक परिचारिका येऊन मोजे चढवून द्यायची, कारण वाकता येत नव्हते.

आता यात कौतुक कोणाचे करायचे? मला वाटते, दोन्ही करारांचे. कायद्याने आजींना साठ वर्षे एका छपराखाली निर्धास्त ठेवले. १९५७ पासून तेथे सगळ्यांना म्हातारपणाचे निवृत्तिवेतन मिळते, त्यावर त्यांचे भाडे भागत होते. खुर्ची आली, परिचारिका आली. पण त्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पडदा पाहणे कोणत्याही कायद्यात बसत नाही. त्या देशाच्या पूर्वेकडे, आख्टरहूक आणि ट्वेंटे या भागांतल्या खेड्यांत शेजारधर्माचे जुने रिवाज आहेत. कोणाकडे मृत्यू झाला की शेजाऱ्यांनी निरोप पोहोचवायचा, शवपेटीला खांदा द्यायचा, गुरांचे बघायचे. आपल्या गावात याहून वेगळे काय असते? फरक एवढाच की ओस्टरबेकसारख्या आळीत हा रिवाज आपोआप चालत नाही. तेथे किल्ली हातात घेऊन कोणीतरी दारात यावे लागते.

आणि आता या गोष्टीची दुसरी बाजू सांगायला हवी. अर्थशास्त्राचा मास्तर आहे, हिशेब टाळून चालणार नाही.

आजी तीन खोल्यांच्या घरात एकट्या राहत होत्या, आणि त्याच गावातले एक तरुण जोडपे मुलाबाळासह आईवडिलांच्या घरात दाटीने राहत होते. गृहनिगमाच्या घरासाठी नाव नोंदवून बसायचे, तर कित्येक गावांत वर्षानुवर्षे थांबावे लागते. ॲम्स्टरडॅममध्ये दहा वर्षांहून अधिक. २०२४ च्या सरकारी अंदाजाप्रमाणे त्या देशात सुमारे ४ लाख घरांची तूट होती. मी आजींना भीत भीत विचारले, "तुम्ही लहान, तळमजल्यावरचे घर का घेत नाही?" त्या म्हणाल्या, "विचारलं होतं की. लहान घराचं भाडं माझ्या या मोठ्या घराहून जास्त सांगतात. आणि तिथं माझा पडदा कोण ओळखणार?"

हे उत्तर मी अनेक दिवस मनात घोळवले. जुन्या भाडेकरूचे भाडे हळूहळू वाढते. नव्या कराराचे भाडे मात्र नव्या दराने ठरते. त्यामुळे म्हातारे माणूस मोठ्या घराला धरून राहते आणि तरुण बाहेर थांबतो. दोघांपैकी कोणीही लबाड नाही, तरी गाठ बसलेलीच आहे. त्यात आणखी एक पीळ पडला. १९६० च्या सुमारास त्या देशाने वृद्धांसाठी पुष्कळ निवासगृहे उघडली होती. पुढे धोरण बदलले. २०१३ पासून ज्यांना थोडीच मदत लागते अशांना तेथे प्रवेश मिळेनासा झाला, निवासगृहे बंद होत गेली, आणि २०१५ पासून घरच्या मदतीची बरीच जबाबदारी नगरपालिकांवर आली. म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी होता होईल तो आपल्याच घरी राहावे. पण घर तर उभ्या जिन्याचे!

काही ठिकाणी ही गाठ सोडवण्याचा प्रयत्न चालला आहे. ॲम्स्टरडॅममध्ये मोठे घर सोडून लहान घरात जाणाऱ्या जुन्या भाडेकरूला जुन्याच दराचे भाडे ठेवण्याची सवलत आहे. आम्ही परतल्यावर, १ जुलै २०२४ पासून, दोन नवे कायदेही लागू झाले. एकाने करार बिनमुदतीचा असावा हा नियम ठरवला. थोडे अपवाद ठेवले. दुसऱ्याने गुणांची पद्धत खाजगी मालकांच्या मध्यम घरांनाही लावली. ही गुणपद्धत शिक्षकांना आवडेल अशी आहे. घराची परीक्षाच म्हणा ना! खोलीच्या दर चौरस मीटरला एक गुण. स्वयंपाकघराचे, न्हाणीघराचे, अंगणाचे वेगळे गुण. घर ऊब किती टिकवते त्याचे गुण, आणि सरकारी मूल्यांकनाचे गुण. बेरीज करायची, आणि बेरजेवरून जास्तीत जास्त भाडे ठरवायचे. २०२५ साली नवा करार करताना १४३ गुणांपर्यंतच्या घराला महिना सुमारे ९०० युरो आणि १८६ गुणांपर्यंतच्या घराला सुमारे ११८५ युरो, यापलीकडे मूळ भाडे नेता येत नव्हते. मालक अधिक मागू लागला, तर भाडेकरू भाडे-आयोगाकडे जाऊ शकतो. याचा उलटा परिणामही दिसला : काही मालकांनी भाडे परवडत नाही म्हणून घरे विकायला काढली. औषध लागू पडले की नाही हे ठरायला वेळ लागेल.

आपल्याकडचा अकरा महिन्यांचा करार आठवा. दर वर्षी नवा कागद, नवा आकडा, आणि मनात धाकधूक. अशा करारावर म्हातारपण काढणे सोपे नाही. तिकडच्या कायद्यातून घेण्यासारखे काही असेल, तर ही धाकधूक कमी करण्याची दृष्टी घ्यावी, असे मला वाटते.

जून २०२३ मध्ये आमचे बिऱ्हाड हलले. मालकीणबाईंनी यादी घेऊन घर खोलीखोलीने तपासले आणि दोन आठवड्यांत अनामत परत केली. मग मी शेजारी किल्ली द्यायला गेलो. आजींनी कॉफी केली. त्या दिवशी बिस्किटाचा अख्खा डबाच पुढे ठेवला. बोलता बोलता त्यांनी विचारले, "ब्यूरमान, तुमच्या गावी तुमची आई एकटी असते ना? तिचा पडदा सकाळी कोण पाहतं?"

मी म्हणालो, "आमच्याकडे पडदे नसतात. दारं उघडी असतात. शेजारच्या काकू पहाटे उठल्याबरोबर हाक मारतात." हे मी मोठ्या अभिमानाने सांगितले. रात्री गावी फोन लावला आणि सहज विचारले, "काकू कशा आहेत?" आई थोडी थांबली. मग म्हणाली, "त्या गेल्या दिवाळीपासून पुण्यालाच असतात, मुलाकडं. तू परदेशात, उगाच घोर नको म्हणून सांगितलं नाही."

श्रोतेहो, दहा महिने मी दुसऱ्याच्या आळीतली रिकामी खिडकी पाहत होतो, आणि माझ्या स्वतःच्या आळीतले कुलूप मला ठाऊक नव्हते.

परत आल्यावर आम्ही एक केले. घराची पुढची खोली गावच्या शाळेत नव्याने आलेल्या एका तरुण शिक्षिकेला भाड्याने दिली. करार अकरा महिन्यांचा, रीतसर नोंदवलेला. पण आईने आपला दुसरा करार वेगळा केला. ती सकाळी सहाला कडी काढते. साडेसहापर्यंत कडी वाजली नाही, तर बाईंनी मधले दार ढकलायचे. बाई शाळेतून यायला उशीर झाला, तर आईने शाळेत फोन करायचा. असा हा दोन्ही बाजूंनी बांधलेला करार आहे. दोन वर्षांत दोनदा बाईंनी दार ढकलले. दोन्ही वेळा आई नुसती गाढ झोपलेली होती, आणि दोन्ही वेळा ती बाईंवर चिडली.

आज आपल्या कित्येक गावांत अशी घरे आहेत. मुले पुण्याला, मुंबईला, काहींची आइंडहोवनला. पाठीमागे एकटी आई नाहीतर एकटे वडील. आणि त्याच गावात बदलून आलेले गुरुजी खोली शोधत फिरत असतात. या दोघांची गाठ घालून देणे फार अवघड नाही. भाड्याचा कागद नीट करावा, नोंदवावा; त्यात कोणाचीच फसगत होत नाही. आणि मग किल्ली कोणाकडे राहील, दार किती वाजता उघडते, हे एकमेकांना सांगून ठेवावे.

२०२३ च्या नाताळात ओस्टरबेकहून एक कार्ड आले. अक्षर थरथरते, इंग्रजी मोडके. आमचे जुने घर विकले गेले होते. नवे शेजारी तरुण आहेत, स्वभावाने चांगले आहेत. सकाळी सातला कामाला जातात आणि अंधार पडल्यावर येतात, असे आजींनी लिहिले होते. खाली एक ओळ होती : "किल्ली अजून माझ्याच खिळ्यावर आहे. नव्या वर्षात त्यांना कॉफीला बोलावणार आहे."

मी लगेच उत्तर पाठवले. लिहिले, नव्या वर्षाची वाट पाहू नका; उद्याच बोलवा, आणि बिस्किटांचा डबा पुढे ठेवा.